दोन पॉलिसी, एकच बिल



पिकाचा विमा म्हणजे काय, हे आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कोणाला शिकवावे लागत नाही. कपाशीने आणि सोयाबीनने तो धडा आपल्याला पुरेपूर दिला आहे. माणसाच्या विम्याचे कागद मात्र आपण दवाखान्यात खाट धरल्यावरच शोधतो. म्हणून आज शेतातला विषय बाजूला ठेवून घरातला घेतो.

समजा, मुलगा पुण्याला कंपनीत आहे. कंपनीच्या सामूहिक आरोग्य विम्यात त्याने आईचे नाव घातले आहे. इकडे वडिलांनीही कुटुंबाची एक पॉलिसी घेतली आहे. आईचे वजन शंभर किलोवर गेले, गुडघे धरले, साखर औषधांनी आटोक्यात येईना. डॉक्टरांनी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया सुचवली. खर्च साडेतीन लाख. आता बैलजोडी विकायची, सावकाराकडे जायचे, की दोन्ही पॉलिसी कामी येतील?

प्रथम लाज सोडावी. ‘चार दिवस निंदणाला धाडा, वजन आपोआप उतरेल,’ असे म्हणणारे गावात पुष्कळ असतात. पण एका मर्यादेपलीकडचा लठ्ठपणा हा आजारच आहे. या शस्त्रक्रियेत जठराचा मोठा भाग काढून ते लहान करतात, किंवा अन्नाची वाट वळवतात. ही काही रूप खुलवण्याची हौस नव्हे.

विमा कंपनीही हे मानते, पण अटी घालून. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली त्या अटी सर्व कंपन्यांसाठी एकसारख्या केल्या. शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने झालेली असावी, ती ठरलेल्या वैद्यकीय कार्यपद्धतीला धरून असावी आणि वय १८ वा अधिक असावे. बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त असावा. तो ३५ किंवा त्याहून जास्त असेल तर सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर विकार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखा आजार असावा आणि साध्या उपायांनी वजन उतरलेले नसावे. बीएमआय काढणे सोपे आहे. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीने दोनदा भागावे. उंची १.५८ मीटर आणि वजन १०० किलो असेल, तर उत्तर ४० येते.

आता दोन पॉलिसींचे गणित. एकाच वावराला दोन विहिरी असल्या म्हणून पिकाला दुप्पट पाणी देत नाहीत. एकीचे पाणी आटले की दुसरीची मोटार लावतात. तसेच इथे आहे. पहिली पॉलिसी २ लाखांची आणि दुसरी ३ लाखांची असेल, तर साडेतीन लाखांच्या मंजूर बिलापैकी २ लाख पहिलीतून आणि उरलेले दीड लाख दुसरीतून मिळू शकतात. दोन्हींतून पूर्ण बिल घेऊन वर नफा काढता येत नाही. कोणती पॉलिसी आधी वापरायची, हे ठरवण्याचा हक्क तुमचा आहे. २०२४ च्या नियमांप्रमाणे रक्कम अपुरी पडल्यास पहिल्या कंपनीनेच दुसरीशी संपर्क साधून उरलेल्या रकमेची व्यवस्था पाहायची आहे. तरीही दुसरी पॉलिसी असल्याचे सुरुवातीलाच सांगून टाकावे.

बहुतेक वेळा कंपनीची सामूहिक पॉलिसी आधी वापरणे सोयीचे पडते. तिच्यात प्रतीक्षेची मुदत पुष्कळदा नसते आणि नोकरी सुटली की ती पॉलिसीही सुटते. मात्र तिच्यात आईवडील आहेत का आणि ही शस्त्रक्रिया बसते का, हे मुलाने लेखी विचारून घ्यावे.

डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितल्यावर घाईने दुसरी पॉलिसी घेण्याचा मोह काहींना होतो. बोंडअळी लागल्यावर पिकाचा विमा उतरवण्यासारखेच ते झाले. आधीपासून असलेल्या आजारासाठी कंपनी ३६ महिन्यांपर्यंत थांबवू शकते. अर्जात वजन कमी लिहिले किंवा मधुमेह लपवला, तर ऐन वेळी दावा नाकारला जातो आणि भरलेला हप्ताही पाण्यात जातो. एजंट अर्ज भरत असेल, तर सही करण्यापूर्वी तो वाचून घ्यावा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीकडून वाचून घ्यावा.

ज्यांच्याकडे खासगी पॉलिसी नाही, त्यांनी सरकारी योजना विसरू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला जिल्हा त्या १४ जिल्ह्यांत होता, जिथे शुभ्र शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांनाही आधीपासून घेतले गेले. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने योजना राज्यातील सर्व कुटुंबांसाठी खुली केली आणि संरक्षण वर्षाला दीड लाखावरून ५ लाखांवर नेले. पण योजनेत ठरलेल्या यादीतले उपचारच होतात, तेही नोंदणीकृत रुग्णालयातच. म्हणून नागपूर-सावंगीची गाडी धरण्याआधी रुग्णालयातील आरोग्यमित्राला स्पष्ट विचारावे, ‘ही शस्त्रक्रिया यादीत आहे का?’ उत्तर नाही आले, तरी मधुमेहाची आणि रक्तदाबाची तपासणी यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात करून घ्यावी.

कागद जपावेत. दावा करताना मूळ बिले पहिल्या कंपनीकडे जातात. म्हणून आधीच प्रती काढून ठेवाव्यात. पहिल्या कंपनीने किती पैसे दिले याचे हिशेबपत्र, डिस्चार्जचा कागद आणि बिलांच्या साक्षांकित प्रती दुसऱ्या कंपनीला लागतात. दावा नाकारला तर कारण लेखी मागावे. कंपनीकडे तक्रार करून महिनाभरात समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे फी लागत नाही आणि वकिलाचीही गरज नाही.

शेवटी एक खर्च असा, जो फार काळ कोणतीही पॉलिसी देत नाही. शस्त्रक्रियेनंतर थोडे थोडे, चावून चावून खावे लागते. जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि ठरावीक तपासण्या जन्मभर चालू ठेवाव्या लागतात. डॉक्टरांनी सांगेपर्यंत डोक्यावर भारा घेता येत नाही. म्हणजे काही आठवडे घरातले आणि वावरातले काम इतरांनी वाटून घ्यायचे आहे. निंदणाचा किंवा वेचणीचा हंगाम असेल, तर तारीख ठरवतानाच त्याचा विचार करावा.

पेरणीआधी आपण माती तपासतो. तशी या आठवड्यात घरातली पॉलिसी पेटीतून काढावी. कोणाकोणाची नावे आहेत, रक्कम किती आणि मुदत कधी संपते, एवढे तरी एका कागदावर लिहून आरशाला चिकटवून ठेवावे.