बदक, पुत्र आणि व्याकरण

प्राचीन इजिप्तच्या साहित्याविषयी आपल्याकडे जे थोडेफार लिहिले जाते, त्यात एक विधान सिद्धान्ताच्या थाटात वावरताना दिसते : इजिप्शियन शब्द म्हणजे प्रतिमाच, तेथे चिन्ह आणि वस्तू यांत अंतर नाही, म्हणून ते साहित्य मुळातच काव्यमय. ‘चित्रलिपी’ हा आपला रूढ शब्द या समजुतीला आयताच आधार देतो. हे विधान सैल तर आहेच. शिवाय ते गौरवाच्या भाषेत केलेली अवहेलना आहे.

समजूत जुनी आहे. होरापोलोच्या नावावर असलेल्या ‘हायरोग्लिफिका’ या ग्रंथात ‘पुत्र’ हा अर्थ दाखवण्यासाठी बदकाच्या जातीचा एक पक्षी काढतात, कारण त्याचे अपत्यप्रेम विलक्षण असते, असा खुलासा आहे. अर्थ बरोबर, कारण मात्र काल्पनिक. त्या चिन्हाने दोन व्यंजने दर्शवली जातात आणि पुत्रवाचक शब्दात नेमकी तीच व्यंजने आहेत, इतकेच. ‘कन्या’ लिहिताना त्यांना स्त्रीलिंगी ‘त्’ हा प्रत्यय लागतो आणि ‘त्’चे चिन्ह आहे भाकरी. बदक आणि भाकरी यांतून आमचे प्रतिमावादी कन्येचे कोणते दर्शन घडवणार? या लिपीत ध्वनी लिहिला जातो, हे शांपोल्योंने १८२२ पासून दाखवायला आरंभ केला, त्याला दोन शतके उलटली.

चित्राला तेथे कार्यच नाही, असे नव्हे. शब्दाच्या अखेरीस येणारी, न उच्चारली जाणारी निर्धारक चिन्हे अर्थाचा वर्ग सुचवतात. परंतु वर्ग सुचवणे म्हणजे वाक्य घडवणे नव्हे.

खरा प्रश्न वाक्याचाच आहे. ही लिपी स्वर लिहीत नाही; त्यामुळे क्रियापदाची भिन्न रूपे कागदावर एकसारखी दिसतात. ‘प्रेम करणे’ या धातूचे एक रूप मात्र ‘र्’च्या द्वित्वामुळे वेगळे ओळखू येते. गार्डिनर यांच्या १९२७ च्या व्याकरणात या द्वित्वरूपाचा संबंध क्रियेच्या आवृत्तीशी वा सातत्याशी जोडला होता. पोलोत्स्की यांनी १९४४ मध्ये वेगळी दिशा दाखवली : अनेक ठिकाणी हे रूप नामासारखे वागते आणि वाक्याचा भार पुढील क्रियाविशेषणावर टाकते. मराठी वाचकाला हे परके वाटू नये. ‘तो पहाटे जातो’ आणि ‘तो जातो तो पहाटेच’ यांत घटना एकच आहे, पण विधान एक नाही. पोलोत्स्की यांच्या मांडणीतील अतिरेकावर पुढे आक्षेप आले, आणि ते योग्यही होते; परंतु तो वाद व्याकरणाच्या भूमीवर झाला, चित्रांच्या नव्हे.

या भेदाकडे पाठ फिरवली की ‘सिनुहे’सारख्या कथेतील निवेदक काय सांगतो एवढेच उरते; तो कशावर जोर देतो, कशाला बगल देतो, हे हरवते. मग चित्रांत विचार करणारा निरागस आदिमानव तेवढा दिसतो. ज्या लेखकाजवळ युक्तिवाद होता, आडपडदा होता, त्याच्याजवळ केवळ डोळे होते असे म्हणणे ही रसिकता नव्हे. ज्या साहित्याला आपण व्याकरण नाकारतो, त्याला आपण बुद्धीही नाकारलेली असते.