हुकूम ऑनलाइन, तार मात्र परवान्यात

सरकारने आपली कचेरी आता तारेच्या दुसऱ्या टोकाला नेऊन बसवली आहे. २०१७ च्या कर्जमाफीचा अर्ज ऑनलाइन. २०२१ पासून पीकपेऱ्याची नोंद ई-पीक पाहणीच्या ॲपवर. ज्वारी आणि धानाच्या हमीभाव खरेदीची नोंदणी ऑनलाइन. २०२५ च्या हंगामापासून सीसीआयला कापूस द्यायचा तर 'कपास किसान' ॲपवर आधी नाव पाहिजे. नाव नसेल तर हमीभाव नाही. मग व्यापारी म्हणेल तो भाव. गावात नेट नसणे हा म्हणूनच शेतमालावरचा आणखी एक कडता झाला आहे. तो कोणत्याही पट्टीवर लिहिलेला नसतो, एवढाच फरक.

मग तार गावात येत का नाही? कंपन्या नफेखोर आहेत, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आमचे म्हणणे वेगळे आहे. तार आणू पाहणाऱ्याच्या पायात बेड्या कोणी घातल्या, ते आधी बघा.

एकाधिकार खरेदी आमच्या कापूसवाल्यांना शिकवावी लागत नाही. १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस घेणारा एकच, तो म्हणेल तो ग्रेड, आणि राज्याबाहेर कापूस नेला तर गाडी अडवायला पोलीस. तारेचेही तसेच होते. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने देशात इंटरनेट सुरू केले, तेव्हा विकणारा तो एकटाच. १९९८ अखेर खासगी पुरवठादारांना परवाने मिळू लागले आणि मक्तेदारी गेली. पण मक्तेदारी गेली तरी परवाना राहिला, आणि त्याच्या मागोमाग कागदांची रास आली.

धंद्याची अडचण समजून घेऊ. तुमसर रोड स्टेशनवरून मुंबई-हावडा मार्ग जातो आणि रुळांच्या कडेने रेलटेलची काचेची तार जाते. तारेची माती तिथून दूर नाही. खर्च आहे तो शेवटच्या मैलाचा. शहरात एक किलोमीटर चर खोदली तर शेकडो गिऱ्हाईक. बावनथडीकडच्या जंगलपट्टीत तेवढ्याच खोदाईत दहा मिळाले तर नशीब. कपाशीच्या मुलखात तर दोन गावांमध्ये नुसती काळी जमीन. त्यात रस्ता रुंद करणारा जेसीबी तार तोडतो. तार एका गावातून पुढच्या गावात अशी सरळ गेली असेल, तर एका तुटीने पुढची सगळी गावे बंद. दोन्ही बाजूंनी पोचणारी गोल जोडणी पाहिजे, पण तिला खर्च जास्त. आणि वीज गेली की बॅटरीच्या दमावर यंत्र चालणार किती?

या अडचणींवर इलाज निघतात. परवान्यांवर निघत नाहीत. एका गावाला तार न्यायची तर रस्ता बांधकाम खात्याचा, खांब महावितरणचा, मधला तुकडा वनखात्याचा, फाटक रेल्वेचे. प्रत्येकाची वेगळी परवानगी, वेगळे भाडे, रस्ता दुरुस्तीची वेगळी अनामत. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी ६० दिवसांची मुदत घातली आणि अर्जाचे शुल्क किलोमीटरला १,००० रुपयांपेक्षा जास्त नको म्हटले. १ जानेवारी २०२५ पासून त्याजागी नवे नियम आले. नियम दिल्लीत बदलतात. फाईल टेबलावर तिथेच असते.

इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते संपत आल्याने छोटा पुरवठादार एका पत्त्यावर अनेक घरे चालवतो. एका सातबाऱ्यावर पन्नास हिस्सेदार असावेत तसे. पण कोणत्या मिनिटाला कोण काय वापरत होता, याची नोंद दोन वर्षे जपा, हा हुकूम २०२१ मध्ये निघाला. मोठ्या कंपनीला हा खर्च दिसतही नाही. तालुक्यातल्या दोन पोरांनी काढलेल्या धंद्याचा जीव त्यात जातो.

शुल्काची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. दूरसंचार कंपन्यांवर ८ टक्के परवाना शुल्क, तेही नफ्यावर नाही, महसुलावर. २४ ऑक्टोबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने महसुलाची सरकारी व्याख्या मान्य केली. त्यानंतर खात्याने गुजरातच्या नर्मदा खत कारखान्याकडेही सुमारे १५,००० कोटी मागितले, कारण त्याच्याकडेही दूरसंचाराचा परवाना होता. ही रक्कम कारखान्याच्या वर्षाच्या उलाढालीच्या दुपटीहून जास्त! २०२० मध्ये सार्वजनिक कंपन्यांवरच्या अशा मागण्यांपैकी ९६ टक्के सरकारला मागे घ्याव्या लागल्या. युरियावर फोनचा कर लावायला निघालेले हे डोके गावातल्या पुरवठादाराला सुखाने जगू देईल?

त्या ८ टक्क्यांतले ५ टक्के खेड्यांच्या निधीसाठी. आज त्याचे नाव डिजिटल भारत निधी. फोनच्या प्रत्येक रिचार्जमधून आपण तो भरतो. त्याच पैशावर २०११ मध्ये अडीच लाख ग्रामपंचायतींना तार देण्याची योजना मंजूर झाली, तिचे पुढे भारतनेट झाले. मुदती उलटल्या आणि २०२३ मध्ये सुधारित योजनेसाठी १,३९,५७९ कोटी मंजूर झाले. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर डबा बसवणे आणि घरात नेट चालणे यांतले अंतर ज्याचे त्याने आपल्या गावात मोजावे.

सूट दिली की काय होते, हेही दिसले आहे. २०१८ मध्ये पाच गिगाहर्ट्झच्या लहरी परवान्याविना खुल्या झाल्या. समोरासमोर दिसणाऱ्या दोन मनोऱ्यांवरून चर न खोदता गाव जोडता येते. २०२० मध्ये किराणा दुकानदारालाही परवान्याशिवाय वाय-फाय विकायची मुभा मिळाली. पण मोठ्या कंपन्या त्याला महागडी जोडणी घ्यायला लावत. म्हणून जून २०२५ मध्ये नियामकाला सांगावे लागले की, घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त घेऊ नका.

जिल्हा बैठकीपुढे आम्ही चार मागण्या ठेवतो. एक, जिथे नेट चालत नाही तिथे तलाठी, सोसायटी आणि खरेदी केंद्राने कागदावरचा अर्ज घेतलाच पाहिजे. नेट नाही म्हणून कोणाचा हक्क बुडता कामा नये. दोन, खोदाई आणि खांबांची परवानगी जिल्ह्यात एकाच टेबलावर, मुदतीत मिळावी. मुदत उलटली की परवानगी मिळाली असे धरावे. तीन, पंचायतीपर्यंत आलेली सरकारी तार स्थानिक पुरवठादाराला रास्त भाड्याने मिळावी. चार, नोंदी आणि शुल्काचे ओझे धंद्याच्या आकाराप्रमाणे असावे.

आणि एक काम आपले. तार आपल्या धुऱ्यावरून जाणार असेल तर उगाच आडवे पडू नका, पण लिहून घेतल्याशिवाय चरही खोदू देऊ नका. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने असा वाद जिल्हा दंडाधिकाऱ्यापुढे नेता येतो.

शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो, आम्हाला फुकट नेट नको. कापूस कोणालाही विकायची मोकळीक आपण मागितली. तार कोणाकडूनही घ्यायची आणि कोणीही आणायची मोकळीक ही तीच मागणी आहे. हुकूम तारेवरून सोडायचा असेल, तर तारेची वाट आधी मोकळी करा.