निंजाने कोणती बातमी आणली?



आपल्या शाळेतल्या कोणत्याही मुलाला 'निंजा म्हणजे कोण?' असे विचारा, उत्तर तयार असते. काळे कपडे, तोंडावर फडके, पाठीला तलवार आणि धूर झाला की माणूस गायब! हे उत्तर कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. ते सिनेमाने आणि टी.व्ही.ने शिकवले आहे. माझे मत असे आहे की गेल्या शंभर वर्षांत पडद्याने निंजाला जगभर प्रसिद्धी दिली, पण त्याचे खरे काम मात्र पुसून टाकले. ते काम आपल्या मुलांना समजले पाहिजे, म्हणून हा लेख.

प्रथम इतिहास पाहू. पंधराव्या-सोळाव्या शतकात जपानमध्ये सरदारांची आपसांत सतत युद्धे चालू होती. त्या काळी इगा आणि कोगा या शेजारशेजारच्या डोंगराळ भागांतली माणसे हेरगिरीत तरबेज मानली जात. त्यांना 'शिनोबी' म्हणत. ज्या अक्षराने हा शब्द लिहितात, त्याचे दोन अर्थ होतात : लपणे आणि सहन करणे. म्हणजे दम धरणे हा या विद्येचा पाया. शत्रूच्या किल्ल्यात धान्य किती, पहारा कुठे ढिला, कोणता सरदार नाराज, हे पाहायचे आणि जिवंत परत येऊन सांगायचे. कधी आग लावणे, घातपात करणे हेही असे. पण मुख्य काम खबर आणण्याचे.

१६७६ मध्ये फुजिबायाशी यांनी या विद्येचा 'बान्सेनशुकाई' हा बावीस खंडांचा ग्रंथ संकलित केला. त्याच्या आरंभी शस्त्रे नाहीत, मन शुद्ध ठेवण्याविषयीचे विवेचन आहे. वेषांतराला त्यात मोठे स्थान आहे. व्यापारी, भिक्षू, भटका कलावंत असे वेष घेऊन हे लोक फिरत. भर बाजारात काळे कपडे घालून फिरणारा हेर पहिल्या दिवशीच पकडला गेला असता! मग हा काळा पोशाख आला कुठून? अभ्यासक त्याचा संबंध काबुकी नाटकाशी जोडतात. तेथे रंगमंचावर सामान हलवणारे मदतनीस काळे कपडे घालतात आणि 'हे दिसत नाहीत' असे प्रेक्षक मानून चालतात. अदृश्य माणूस दाखवायची ती रंगभूमीची खूण होती. सिनेमाने ती खरीच समजून पुढे चालवली.

जपानी सिनेमात १९२१ साली 'जिराया' हा मूकपट आला. त्याचा नायक दंतकथेतला जादूगार. कॅमेरा थांबवायचा, नट बाजूला करायचा आणि पुन्हा चालू करायचा, की माणूस नाहीसा! 'गायब होणारा निंजा' पडद्यावर आला तो असा, कॅमेऱ्याच्या करामतीने.

१९६२ मध्ये मात्र 'शिनोबी नो मोनो' या चित्रपटाने वेगळी वाट धरली. दिग्दर्शक सात्सुओ यामामोटो, नायक राइझो इचिकावा. मूळ कादंबरी युद्धापूर्वी तुरुंगवास भोगलेल्या तोमोयोशी मुरायामा या डाव्या लेखकाची. यातला निंजा जादूगार नाही, तो वापरून घेतला जाणारा गरीब माणूस आहे. त्याचा मालक स्वतःच्या स्वार्थासाठी त्याला मरणाच्या तोंडी देतो, आणि त्याला तर फक्त आपला संसार शांतपणे करायचा असतो. एका प्रसंगात तो छतात दबा धरून बसतो आणि झोपलेल्या ओदा नोबुनागाच्या ओठांपर्यंत दोरा सोडून त्यावरून विषाचे थेंब उतरवतो. काम वाईटच, पण त्यात धीर दिसतो, भीती दिसते, माणूस दिसतो.

पाच वर्षांनी, १९६७ मध्ये, जेम्स बाँडच्या 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस'मध्ये हीच दोऱ्याची युक्ती पुन्हा आली. पण तिथला निंजा म्हणजे हिमेजी किल्ल्यात कवायत करणारी आणि शेवटी दोरांवरून ज्वालामुखीच्या पोटात उतरून गोळ्या झाडणारी पलटण! हेराचा शिपाई झाला.

ऐंशीच्या दशकात अमेरिकेत कॅनन कंपनीने धडाका लावला. 'एंटर द निंजा' (१९८१) मध्ये इटालियन नट फ्रँको नीरो हा निंजा झाला, तोही पांढऱ्याशुभ्र पोशाखात! लपून राहणे ज्याचे काम, त्याला पांढरे कपडे. जपानी नट शो कोसुगी याच्या वाट्याला काळ्या कपड्यातला खलनायक आला. पुढे 'अमेरिकन निंजा' (१९८५) आला. विद्या जपानची, नायक मात्र गोरा, असा हा हिशेब होता. १९९० मध्ये पिझ्झा खाणारी निंजा कासवे मोठ्या पडद्यावर आली. ब्रिटनमध्ये त्यांच्या टी.व्ही. मालिकेच्या नावातून 'निंजा' शब्द काढून 'हीरो' घातला गेला, कारण तोपर्यंत हा शब्द हिंसेचाच झाला होता. २००३ च्या 'द लास्ट सामुराई'ची कथा १८७६-७७ ची, म्हणजे जुनी राजवट संपून आठ-नऊ वर्षे झाल्यानंतरची. तरी रात्री काळ्या कपड्यांतले निंजा गावावर तुटून पडतातच.

आता आपल्या घरांकडे येऊ. आपली मुले घरात मराठी बोलतात आणि 'निंजा हथौडी' हिंदीत बघतात. फुजिको फुजिओ (ए) यांची ही चित्रकथा १९६४ ची. त्यातल्या हत्तोरीचे आडनाव खऱ्या इतिहासातले आहे. १५८२ मध्ये नोबुनागाचा अंत झाल्यावर तोकुगावा इएयासू शत्रूंच्या मुलुखात अडकला, तेव्हा हत्तोरी हान्झो आणि इगाच्या लोकांच्या मदतीने तो डोंगरातून सुखरूप घरी पोचला. हान्झोची ही आठवण मोठ्या लढाईची नाही, सुखरूप पार पडलेल्या वाटेची आहे. आपल्याकडे बहिर्जी नाईकांचे नाव निघते तेही असेच. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीआधी त्यांनी आणलेली खबर लोकांना आठवते.

कोणी म्हणेल, सर, सिनेमा करमणुकीसाठी असतो, त्यात इतिहास कशाला शोधता? मान्य आहे. उड्या आणि तलवारी मुलांना आवडणारच, आणि मी बंदी घालणारा मुख्याध्यापक नाही. पण मुले पडद्यावरून फक्त गोष्ट घेत नाहीत, 'हुशार कोणाला म्हणायचे' हेही घेतात. वर्गात जो मुलगा गप्प बसून सगळे नीट पाहतो, ऐकतो, लक्षात ठेवतो, त्याला इतर मुले भित्रा समजतात. जो धडाधड हात चालवतो तो 'निंजा' ठरतो. खऱ्या शिनोबीच्या तराजूत हे वजन अगदी उलटे पडले असते. गप्प राहून बघणे ही दुर्बलता नाही, ते शिकावे लागणारे कौशल्य आहे. प्रयोगशाळेत, इस्पितळात, न्यायालयात, सीमेवर, सगळीकडे त्याचीच गरज पडते.

म्हणून पालकांना माझी एकच विनंती आहे. निंजाचा चित्रपट लागला तर टी.व्ही. बंद करू नका, मुलांजवळ बसा. चित्रपट संपल्यावर एवढेच विचारा : या माणसाने काय पाहिले आणि कोणती बातमी घेऊन परत आला? उत्तर सापडले तर चित्रपट चांगला. नाही सापडले, तरी मुलाने प्रश्न लक्षात ठेवला असेल, आणि पुढचा चित्रपट तो डोळे उघडे ठेवून बघेल.