नियमित करदात्याला पाच टक्के, थकबाकीदाराला पन्नास!



ग्रामपंचायतीच्या घरपट्टी-पाणीपट्टीच्या थकबाकीत ५० टक्के सूट देण्याच्या शासन निर्णयावर गेले काही दिवस बातम्या येत आहेत. ‘ग्रामस्थांना दिलासा’ असे मथळे वाचले. कोणत्या ग्रामस्थांना, हे मात्र कोणी लिहिले नाही. वेळच्या वेळी कर भरणाऱ्याला यातून छदामही मिळत नाही. उलट त्याच्या नाकावर टिच्चून शेजारी सांगतो, ‘बघ, थांबलो म्हणून अर्ध्यात सुटलो!’ त्याला उत्तर काय द्यायचे?

हिशेब साधा आहे. चालू वर्षाची पट्टी ३० सप्टेंबरच्या आत भरली तर ५ टक्के सूट मिळते. समजा पट्टी हजार रुपये आहे, तर वेळेवर भरणाऱ्याचे वर्षाला पन्नास रुपये वाचतात, पाच वर्षांत अडीचशे. ज्याने पाच वर्षे पावतीपुस्तकाकडे ढुंकूनही पाहिले नाही, त्याची थकबाकी पाच हजार. चालू वर्षाचा कर भरून थकबाकीची निम्मी रक्कम एकदम भरली, की त्याचे अडीच हजार माफ. म्हणजे प्रामाणिकपणाला पाच टक्के आणि चुकवेगिरीला पन्नास. दसपट! हे गणित चौथीच्या पोरालाही कळते. गावालाही ते कळले आहे, आणि पुढच्या वर्षीपासून गाव त्याप्रमाणेच वागणार आहे.

गंमत म्हणजे ही सूट आली आहे मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियानाच्या नावाखाली. १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिदिनी, मोठा गाजावाजा करून ते सुरू झाले. राज्यातल्या पहिल्या ग्रामपंचायतीला पाच कोटींचे बक्षीस आहे. अभियानाच्या गुणांत ‘स्वनिधी’ हा मुद्दाही आहे, म्हणजे गावाने स्वतःचे उत्पन्न वाढवावे, ही अपेक्षा. एका हाताने स्वनिधीला गुण द्यायचे आणि दुसऱ्या हाताने तोच स्वनिधी निम्मा माफ करायचा, ही कसली समृद्धी? वसुलीचा आकडा डिसेंबरअखेर फुगेल, फोटो निघतील. एप्रिलमध्ये कोण भरणार?

आणि हा पैसा कोणाचा? शासनाचा नाही. घरपट्टी ग्रामपंचायतीची, सोडणारे मुंबईतले. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे यालाच म्हणतात. सूट लागू करण्याचा ठराव ग्रामसभेचा घ्यायचा, म्हणजे गावानेच मागितले असे दाखवता येते. पण ज्या सरपंचाला उद्या मते मागायची आहेत, तो सवलतीला नाही म्हणेल काय? ग्रामसभेत हात वर करणाऱ्यांत थकबाकीदार किती, हे कोणी मोजणार आहे काय?

पंचायतींची अवस्था काय आहे, ते रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२४ च्या अहवालात आहे. २०२२-२३ मध्ये देशातल्या पंचायतींच्या एकूण उत्पन्नात स्वतःच्या करांचा वाटा होता १.१ टक्का. शंभर रुपयांत एक रुपया दहा पैसे! सरासरी एका पंचायतीला स्वतःच्या करातून वर्षाला मिळाले २१ हजार रुपये. बाकी जवळजवळ सगळे वरून येणारे अनुदान, त्यातही मोठा वाटा केंद्राचा. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला ६० टक्के भाग बंधित, तो पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा. उरलेल्याचाही आराखडा आधीच ठरलेला. मोटार जळाली, पाइप फुटला, पथदिव्यांचे बिल थकून वीज तोडली, तर सरपंचाने हात घालायचा तो घरपट्टीच्या गल्ल्यातच. त्या एक रुपया दहा पैशांवर आता कात्री चालली आहे.

याचा पहिला फटका कोणाला बसतो ते सांगतो. रात्री दोनला वीज आली की टॉर्च घेऊन विहिरीवर जाणारा, पहाटे गल्लीगल्लीत वॉल फिरवून पाणी सोडणारा जो कर्मचारी असतो, त्याला. त्याच्या किमान वेतनातला शासनाचा वाटा गावाच्या वसुलीशी जोडलेला आहे आणि उरलेला पगार पंचायतीच्या उत्पन्नातून निघायचा असतो. वसुली झाली नाही की दोन्हीकडून मार. पट्टी थकवली गावातल्या बंगलेवाल्याने, पगार थकला पाणी सोडणाऱ्याचा. ही अट काढा म्हणून ग्रामपंचायत कर्मचारी वर्षानुवर्षे मोर्चे काढत आहेत. त्यांच्यासाठी अशी तातडी कधी दिसली नाही.

थकबाकीदार गरीब आहेत, असे कोणी म्हणेल. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत ज्यांचे घर-पीक गेले, त्यांची यंदाची पट्टी खुशाल माफ करा, सगळी करा; माझी हरकत नाही. पण २०१८ पासूनची बाकी आणि २०२५ चा पाऊस यांचा संबंध काय? कोणत्याही गावात नमुना नंबर ९, म्हणजे कर मागणीची नोंदवही, उघडून पाहा. मोठ्या रकमांसमोर कोणाची नावे दिसतात, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि हीच मंडळी निवडणूक लागली की उमेदवारी अर्जाच्या आदल्या दिवशी सगळी बाकी एका दमात भरतात, कारण कर थकवणाऱ्याला सदस्य म्हणून अपात्र ठरवण्याची तरतूद कायद्यातच आहे. म्हणजे पैसा नसतो असे नाही. गरज नसते.

खऱ्या गरिबाला तर ही सवलत मिळतच नाही, आणि हे बीड जिल्ह्यात बसून न कळणारा माणूस आंधळाच म्हणायचा. मुदत ३१ डिसेंबर २०२५. आमच्या जिल्ह्यातला ऊसतोड मजूर तेव्हा कुठे असतो? दिवाळी झाली की उचल घेऊन कोयता कारखान्यावर. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे, कोणी कर्नाटकात. घराला कुलूप, राखणीला म्हातारी. घंटागाडीच्या भोंग्यावर ‘आजच सवलतीचा लाभ घ्या’ अशी हाळी दिली जाते ती त्या कुलपांना ऐकू जावी म्हणून काय? पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, तो मार्च-एप्रिलमध्ये परत येईल, तेव्हा योजना संपलेली असेल आणि त्याच्याकडून पूर्ण वसुली होईल. तारीख ठरवताना बीडच्या एकाही लोकप्रतिनिधीला हे सांगावेसे वाटले नाही?

सांगणार तरी कोण? आमच्या जिल्हा परिषदेवर मार्च २०२२ पासून प्रशासक आहेत. विचारायला सदस्य नाही, भांडायला सभागृह नाही. पंचायत समितीचीही तीच गत. वित्त आयोगाच्या निधीत जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला दहा-दहा टक्के वाटा ठरलेला, पण निवडून आलेली मंडळीच नसतील तर तो द्यायचा नाही, ही केंद्राची अट. निवडणुका घ्यायच्या नाहीत, त्यामुळे अडलेल्या पैशाबद्दल बोलायचे नाही, आणि गावाच्या हातात जी चिल्लर उरते ती माफीत वाटायची! बिंदुसरा धरण आमच्या पालीच्या उशाशी आहे, धुळे-सोलापूर महामार्ग दारावरून जातो. पुढाऱ्यांच्या गाड्या त्यावरून सुसाट जातात. एखादी तरी थांबून विचारेल काय, की बाबांनो, गावाचा कारभार कशावर चालतो?

नियमित भरणाऱ्याला काय, हाच प्रश्न शेतकरी कर्जमाफीच्या वेळी आला होता. तेव्हा २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले योजनेत नियमित कर्जफेड करणाऱ्यांना ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन रक्कम देण्याचे शासनाला मान्य करावे लागले. ती मिळायला लोकांच्या चपला झिजल्या ही गोष्ट वेगळी, पण तत्त्व तरी मान्य झाले. घरपट्टीत ते का नाही? ज्यांची गेल्या पाच वर्षांत एक रुपयाही बाकी नाही, त्यांची पुढच्या वर्षाची निम्मी पट्टी माफ करा आणि त्याची व थकबाकीतल्या सुटीची भरपाई शासनाने स्वतःच्या तिजोरीतून ग्रामपंचायतीला द्यावी. ऊसतोड मजुरांसाठी मुदत हंगाम संपेपर्यंत वाढवावी. आणि सवलत घेणाऱ्या प्रत्येकाचे नाव, रकमेसह, ग्रामपंचायतीच्या फलकावर लागलेच पाहिजे. लाज वाटत असेल तर पूर्ण पट्टी भरावी.

ग्रामसभेत सवलतीचा ठराव आवाजी मतदानाने दोन मिनिटांत उरकला जातो, कारण वेळेवर पट्टी भरणारे लोक सभेला जातच नाहीत. या वेळी त्यांनी जावे, पावत्या हातात घेऊन जावे, आणि आपला विरोध कार्यवृत्तात लिहून घेतल्याशिवाय उठू नये.

— एक नियमित करदाता, पाली (ता. जि. बीड)