किनारा राखा, पण माणसाला हजेरीवर ठेवू नका!

रायगडच्या किनाऱ्यावर कडक पहारा हवा, याबद्दल दुमत नाही. १९९३ साली श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडीला आरडीएक्स उतरले आणि मुंबईत २५७ निरपराध माणसे प्राणास मुकली. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरजवळ एके-४७ रायफली असलेली बेवारस बोट सापडली. मासेमारी बोटींवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या देशव्यापी योजनेचा प्रारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला झाला, त्याचे स्वागतच आहे. वादळात सापडलेल्या कोळी बांधवाचा जीव त्याने वाचेल.

प्रश्न आहे तो बोटीवरून उतरलेल्या माणसाचा. त्याच्या खिशातला मोबाइल तो कोणाच्या घरी गेला, कोणत्या सभेला गेला, हे सारे टॉवरला सांगत असतो. न्यायाधीशाची आधी परवानगी न घेताही पोलीस ही माहिती कंपनीकडून मागवतात. मग संशयित कोण, हे ठरवणार कोण?

आपल्या समाजाला हा प्रश्न नवा नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवले आणि माणसांना पोलिसांच्या हजेरीला बांधले. १९५२ साली तो कायदा गेला. हजेरीची वृत्ती मात्र गेली नाही. भीमा-कोरेगाव प्रकरणात जुलै २०२३ मध्ये दोन आरोपींना जामीन मिळाला, तो मोबाइलचे लोकेशन तपास अधिकाऱ्याच्या फोनशी चोवीस तास जोडून ठेवण्याच्या अटीवर!

पुढे ८ जुलै २०२४ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने अमली पदार्थांच्या एका खटल्यात स्पष्ट केले की, आरोपीच्या हालचालींवर पोलिसांना सतत नजर ठेवता येईल अशी जामिनाची अट कलम २१ चा भंग करते. जे संरक्षण आरोपीला, ते कोणताही गुन्हा दाखल नसलेल्या कोळ्याला, कातकऱ्याला, बौद्ध तरुणाला का नसावे?

म्हणून मागणी साधी आहे. लोकेशन हवे तर न्यायाधीशाची लेखी परवानगी घ्या, मुदत ठरवा, तपास संपल्यावर त्या माणसाला कळवा. जीव वाचवण्याची घाई असेल तर आधी शोधा, पण चोवीस तासांत न्यायाधीशापुढे कारण मांडा. अटकेला जो नियम, तोच याला लावा.

याच जिल्ह्यातील महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आपण चवदार तळ्यावर गेलो, कोणाची परवानगी मागितली नाही. ताठ मानेने कुठेही जाण्याचा तो हक्क होता. आज कुठे गेलो याचा हिशेब चोरून ठेवला जात असेल, तर त्याचा जाब घटनेच्या आधारे विचारणे हे चळवळीचेच काम आहे.