शर्यतीचा टायर आणि गावची वाट



या सदरात आपण एरवी बी-बियाणे, खत-पाणी आणि रोग-किडी यांच्याविषयी बोलतो. आज मात्र अंगणात उभ्या असलेल्या मोटारसायकलीविषयी, आणि त्यातही फक्त तिच्या दोन टायरांविषयी बोलायचे आहे. “साहेब, हा विषय तुमचा कधीपासून झाला?” असे कुणी विचारील. तर त्याचे उत्तर सरळ आहे. एखादे पीक बुडाले तर पुढचा हंगाम येतो. घरचा पोरगा रस्त्यावर पडला तर त्याला दुसरा हंगाम नसतो.

हल्ली कोणत्याही गावात जा, शर्यतीच्या घाटाची एक-दोन वाहने तरी दिसतातच. द्राक्षाचे किंवा कांद्याचे चार पैसे हाती आले, की मुलगा हट्ट धरतो. गाडी येते आणि वर्षभरात मुलगा म्हणतो, “याचे टायर साधे आहेत, रेसिंगवाले घालू.” आपल्याला त्यातले काही कळत नाही, म्हणून आपण हो म्हणतो. मीही असाच हो म्हणालो होतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. जानेवारीचे दिवस. आमच्या निफाड भागातली थंडी तुम्हाला ठाऊकच आहे. पुतण्याने कंपनीचे चांगले टायर काढून शर्यतीच्या जातीचे मऊ टायर बसवून घेतले. पैसे कमी पडले, ते मीच दिले. चौथ्या दिवशी पहाटे तो परीक्षेला निघाला. वेग फार नव्हता. गावाबाहेरच्या पहिल्याच वळणावर मागचे चाक सरकले आणि गाडी आडवी झाली. हेल्मेट होते म्हणून डोके वाचले. खांद्याजवळचे हाड मोडले आणि दीड महिना हात गळ्यात राहिला. परीक्षा बुडाली ती वेगळीच. दवाखान्यात तो मला म्हणाला, “काका, टायर तर एकदम भारी होता हो! मग घसरला कसा?” वहिनी काही बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही शिकलेले. तुम्ही तरी विचारायचं होतं.”

ते शब्द मला लागले. पुतण्याच्या प्रश्नाचे उत्तर शोधल्याशिवाय राहवेना. जे कळले ते तुमच्यासमोर मांडतो.

आधी टायरचे काम काय, ते पाहू. आपल्या जुन्या बैलगाडीला लोखंडी धाव असे. ओझे वाहण्यापलीकडे ती काही करीत नसे. हवेचा टायर पहिल्यांदा चालता केला तो एका जनावरांच्या डॉक्टरने. बेलफास्ट शहरातल्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तो बनवला आणि १८८८ साली त्याचे पेटंट घेतले. (त्याच्याही आधी, १८४५ साली, रॉबर्ट थॉमसन याने असे पेटंट घेतले होते, पण ती कल्पना तेव्हा मागे पडली.) पोराला हादरे बसू नयेत, एवढाच त्या बापाचा हेतू होता. आज मोटारसायकलीचा टायर हादरे तर झेलतोच, शिवाय गाडी पळवणे, वळवणे आणि थांबवणे ही तिन्ही कामे त्याच्याच जिवावर होतात. आणि रस्त्याला टेकलेला त्याचा भाग असतो किती? सुमारे तळहाताएवढा. दोन चाकांचे दोन तळहात. त्यांच्यावर तुम्ही, तुमची घरधनीण, मूल आणि दुधाची किटली.

आता शर्यतीचा टायर वेगळा कशात? तीन गोष्टींत.

पहिली गोष्ट रबराची. हे रबर मऊ असते. मऊ रबर डांबराच्या बारीक खडबडीत चांगले रुतते, त्यामुळे पकड वाढते. पण त्याला ऊब लागते. रानाला वाफसा आल्याशिवाय आपण औत घालत नाही, तसेच हे आहे. खऱ्या शर्यतीत टायरवर विजेच्या दुलया गुंडाळून ते आधी तापवतात आणि मगच गाडी मैदानात उतरवतात. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये ग्रेटर नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपीची जागतिक शर्यत भारतात पहिल्यांदा झाली. ती ज्यांनी पाहिली त्यांना या दुलया आठवत असतील. तिथे टायरला जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटर धावायचे असते. त्यानंतर तो टाकून दिला तरी चालते.

दुकानात ‘स्पोर्ट’ म्हणून मिळणारे सगळेच टायर इतके नाजूक नसतात, हे खरे. रस्त्यासाठी बनवलेला चांगला स्पोर्ट टायर थंडीतही बऱ्यापैकी काम देतो. पण जो टायर जितका शर्यतीच्या मैदानाकडे झुकलेला, तितकी त्याला ऊब जास्त हवी. घरापासून बाजारापर्यंत, वेग चाळीस-पन्नास, मध्ये दहा खड्डे आणि चार गतिरोधक. एवढ्यात तो तापतो कुठला? तो थंडच राहतो. आणि असा थंड टायर प्रसंगी साध्या टायरपेक्षाही कमी धरतो.

दुसरी गोष्ट नक्षीची. कोरड्या डांबरावर नक्षीचा काही उपयोग नसतो. रबर जितके जास्त टेकेल तितके बरे. म्हणून शर्यतीच्या टायरला चरे कमी असतात आणि कडेला तर तो जवळजवळ गुळगुळीत असतो. चरे लागतात ते पाणी बाहेर काढायला. आपल्याकडे चार महिने पावसाचे. त्यात शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरने रस्त्यावर टाकलेला चिखल, हंगामात पडलेले उसाचे पाचट, शेणाचा सडा. अशा जागी कमी चऱ्यांचा टायर लवकर दगा देतो. तुमच्या ट्रॅक्टरचा मागचा टायर आठवा. त्याच्या उंच पट्ट्या नांगरटीत जमीन घट्ट धरतात, पण तोच ट्रॅक्टर रोज डांबरावर पळवला तर त्या पट्ट्या भराभर झिजतात. ज्याचे रान त्यालाच मानवते. इथे उलटे आहे, डांबराचा टायर आपण चिखलात नेतो, इतकेच.

तिसरी गोष्ट आकाराची. शर्यतीत गाडी वळणावर जमिनीला टेकेल इतकी कलते, म्हणून टायरच्या कडा कामाला येतात आणि त्याचा घाट टोकदार ठेवलेला असतो. आपण मात्र सरळ रस्त्याने जातो. त्यामुळे मधला पट्टा तेवढा झिजतो आणि कडा नव्यासारख्या राहतात. गोल टायर हळूहळू चपटा होतो. मग वळणावर गाडी कलताना एकदम पडल्यासारखी वाटते. मागे एका गावात एका नानांनी मला असाच टायर दाखवला होता. “साहेब, बाजूनं तर नवा हाय, मग पोरगा बदला कशापायी म्हणतो?” मुलाचे बरोबर होते. आपण कडांवर नव्हे, मधोमध चालतो. मध्ये गोटा झाला, की टायर संपला.

हे लक्षात आल्यावर आजचे चांगले टायर दुहेरी रबराचे करतात. मध्ये कठीण रबर, म्हणजे झीज कमी, आणि कडेला मऊ, म्हणजे वळणावर पकड. रोजच्या वापराला स्पोर्ट गाडीवरही अशाच जातीचा, पुरेशा चऱ्यांचा टायर योग्य. गाडीबरोबर कंपनीने दिलेला टायर बहुधा असाच तडजोडीचा असतो. तो ‘साधा’ दिसतो म्हणून काढू नका.

थोडा हिशेबही मांडू. आकडे केवळ समजण्यापुरते धरा. समजा एक टायर २,५०० रुपयांचा आणि तो २५,००० किलोमीटर चालला, तर किलोमीटरला १० पैसे पडले. दुसरा मऊ टायर ५,००० रुपयांचा आणि १०,००० किलोमीटरला संपला, तर किलोमीटरला ५० पैसे. पाचपट खर्च करून आपण अशी पकड विकत घेतो, जी आपल्या वाटेवर जागीच होत नाही.

मग पुतण्याचे चाक का सरकले? तीन कारणे एकत्र आली. टायर मऊ जातीचा, आणि पहाटेच्या थंडीत अगदी गार. तो नवाकोराही होता. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, म्हणून पहिले शंभर-दीडशे किलोमीटर गाडी सावकाश चालवून तो थोडा खरखरीत होऊ द्यायचा असतो. आणि तिसरे कारण नंतर कळले. टायर बसवताना हवा अंदाजाने ठासून भरली होती. काटा कुणी लावलाच नव्हता. हवा जास्त झाली की टायर फुगून रस्त्याला कमी टेकतो आणि तापतोही कमी. आधीच तळहाताएवढा आधार, तो आणखी लहान झाला. दोष टायरचा नव्हता. चुकीच्या वाटेवर, चुकीच्या वेळी, न पाहता वापरला हा दोष होता.

आता एका खुळाविषयी सांगायलाच हवे. साध्या शंभर सीसीच्या गाडीला रुंद टायर बसवण्याची पद्धत पडली आहे. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की तो दोन्ही बाजूंनी आवळला जातो आणि त्याचा घाट बिघडतो. रस्त्याला टेकणे वाढायच्या ऐवजी बिघडते. गाडी वळायला जड होते, तेल जास्त खाते, आणि टायर साखळीला किंवा मडगार्डला घासण्याचीही भीती. खुरप्याच्या दांड्यात कुदळीचे पाते बसवण्यासारखेच ते.

टायरवरचे आकडे वाचायला शिका, अवघड नाही. समजा ‘१४०/७० आर १७ ६६ एच’ असे लिहिले आहे. १४० म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे उंची रुंदीच्या सत्तर टक्के. ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी. १७ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. ६६ हा भाराचा सांकेतिक आकडा, त्याचा अर्थ जास्तीत जास्त ३०० किलो. ‘एच’ म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतची क्षमता. साध्या गाडीच्या टायरवर बहुधा ‘पी’ असते, म्हणजे १५०. आपल्या रस्त्याला तेही उदंड झाले. तेव्हा अक्षर पाहून भुलू नका, भाराचा आकडा मात्र जरूर पाहा. दोन माणसे आणि मध्ये ४५ किलोची युरियाची गोणी घेतली, की बहुतेक ओझे मागच्या टायरवर येते.

आणखी एक चार आकड्यांचा शिक्का असतो. ‘३५२४’ म्हणजे २०२४ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेला. बियाण्याच्या पिशवीवर तारीख पाहता ना? तशीच ही पाहा. रबर ऊन-वाऱ्याने कडक होते आणि त्याला चिरा पडतात, मग नक्षी शाबूत असली तरी पकड जाते. पाच वर्षे झाली की दर वर्षी जाणत्या कारागिराला टायर दाखवा.

शेवटी काही कामाच्या गोष्टी, भिंतीवर लिहून ठेवाव्यात अशा.

हवा दर पंधरा दिवसांनी, गाडी थंड असताना, काट्यानेच मोजा. किती भरायची ते गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. एकट्यासाठी वेगळी आणि दोघांसाठी वेगळी. ट्यूबलेस टायरचीही हवा कमी होते, तो गुपचूप बसतो म्हणून फसू नका.

चऱ्यांच्या तळाशी झिजेच्या खुणेच्या छोट्या पट्ट्या असतात. नक्षी झिजून त्या पट्ट्यांच्या बरोबरीला आली की टायर बदला. पैसे वाचवण्याची ही जागा नव्हे.

टायर बसवताना बाजूचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने आहे ना, हे स्वतः पाहा. पुढचा-मागचा टायर गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या मापाचा आणि जातीचाच घ्या.

थंडीत पहिले चार-पाच किलोमीटर आणि पहिल्या पावसात पहिले आठ-पंधरा दिवस, वळण आणि ब्रेक दोन्ही हलक्या हाताने. रस्त्यावर साचलेले तेल आणि धूळ पहिल्या सरीत साबणासारखी होते. तिथे कुठलाच टायर, कितीही महाग असो, हमी देत नाही.

पुतण्याचा हात आता बरा आहे. परीक्षाही पुढच्या खेपेला दिली. गाडीला पुन्हा कंपनीच्या जातीचे टायर आहेत. आमच्या घरी हवेचा काटा आता खुंटीला टांगलेला असतो, आणि महिन्यातून दोन रविवारी आम्ही काका-पुतणे मिळून हवा पाहतो. मुलांना गाडीवरून रागे भरून काही होत नाही. त्यांच्याबरोबर चाकाशी उकिडवे बसा, हात लावा, विचारा. मी आधी विचारले नाही, ती चूक तुमच्या हातून होऊ नये एवढ्यासाठी हा लेख.

उद्या सकाळी दूध घालायला निघण्यापूर्वी दोन मिनिटे काढून टायर पाहून घ्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा आपल्या शेताच्या बांधावर भेटू. तोवर रामराम.