स्वस्त प्रोग्रामरची बाजू

गांधीबागेच्या ठोक कापडबाजारात कापड बोटांत चोळून पाहिल्याशिवाय कुणी भावाला हात घालत नाही. त्याच भागातलं पोरगं मायक्रोकंट्रोलर शिकायला बसलं, की चिपमध्ये प्रोग्राम भरणाऱ्या यंत्राबद्दल मात्र सगळे न तपासताच सांगतात: प्रोग्रामर कंपनीचाच घे, स्वस्तातला चिप जाळतो.

जाळतो म्हणजे नेमकं काय करतो? नवशिक्याची एव्हीआर चिप गप्प होते ती बहुधा फ्यूज बिट चुकल्याने. बाहेरचा क्रिस्टल आहे असं चिपला सांगायचं आणि तो लावायचाच नाही. किंवा रीसेटची पिन साध्या कामाला काढायची. असला हुकूम कंपनीचा, हजारो रुपयांचा अ‍ॅटमेल-आयसीईसुद्धा निमूटपणे पाळतो. पहिली चूक क्रिस्टल जोडला की सुटते. दुसरीला १२ व्होल्टची वेगळी पद्धत लागते, आणि ती अ‍ॅटमेल-आयसीईतही नाही! मग जास्तीचे पैसे कशाचे? चालता प्रोग्राम ओळीओळीने थांबवून तपासण्याचे. एलईडी लुकलुकवणाऱ्याला त्याची घाई नाही.

‘स्वस्तातला यूएसबीएएसपी नवी चिप ओळखतच नाही,’ ही तक्रार खरी आहे, निदान चुकीचं आहे. कोरी अ‍ॅटमेगा८ आतल्या १ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर चालते. प्रोग्रामिंगचा वेग त्याच्या चौथाईहून, म्हणजे २५० किलोहर्ट्झहून कमी हवा. यूएसबीएएसपीचा नेहमीचा वेग ३७५. बोर्डावर वेग कमी करणारा जंपर असतो, तो लावला की चिप बोलू लागते. मुळात थॉमस फिशलच्या या रचनेचा नकाशा आणि फर्मवेअर दोन्ही खुले आहेत, म्हणून तर ती दोन-चारशे रुपयांत मिळते. फर्मवेअर बिघडलंच, तर दुसऱ्या यूएसबीएएसपीने ते पुन्हा भरता येतं.

एक खोट मात्र लपवू नये. बऱ्याच नकलांमधला ५ आणि ३.३ व्होल्टचा जंपर फक्त पुरवठा बदलतो, संकेताच्या तारा ५ वरच राहतात. ३.३ व्होल्टचं रेडिओ मॉड्यूल त्याच तारांवर असेल, तर प्रोग्रामिंगआधी ते काढून ठेवावं.

घरात अर्दुइनो उनो असेल, तर यूएसबीएएसपीचाही खर्च नको. त्यात अर्दुइनोआयएसपी हे स्केच भरायचं, रीसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायचा, झाला प्रोग्रामर. रोज तारा खोचायचा कंटाळा आला की मग यूएसबीएएसपी घ्या.

कॉलेजात एव्हीआरऐवजी ८०५१ शिकवत असतील, तर पैसे प्रोग्रामरपेक्षा चिप निवडताना वाचतात. जुन्या एटी८९सी५१ला १२ व्होल्टचा, आठ तारांनी डेटा भरणारा वेगळा प्रोग्रामर लागतो. एटी८९एस५२ सर्किटमध्ये असतानाच भरता येते, आणि फर्मवेअर बदललेला यूएसबीएएसपी तिलाही चालतो. दुकानात नुसतं ‘८०५१ द्या’ म्हणू नका. ‘एस’वाली मागा, आणि पाठीवरचा नंबर तिथेच वाचून घ्या.